संरक्षित नद्यांचे वर्ग आणि काठावरील शेती

पिणे, स्नान, मत्स्यसंवर्धन, ओलीत यांपैकी कोणत्या कामास पाणी योग्य आहे, यावरून आपल्या देशात नदीच्या पाण्याचे वर्ग पाडतात. अमेरिकेतील संरक्षित नद्यांची वर्गवारी मात्र मुख्यतः काठाच्या स्थितीवरून होते. तेथे २ ऑक्टोबर १९६८ रोजी यासंबंधीचा कायदा झाला. त्यातील तीन वर्ग असे :

(१) वन्य : प्रवाह कोठेही अडविलेला नाही, पायवाटेखेरीज सहसा पोहोचता येत नाही, काठ मूळ स्थितीत व पाणी निर्मळ.

(२) निसर्गरम्य : प्रवाह अडविलेला नाही, काठ बहुतांशी मोकळा, परंतु काही ठिकाणी रस्ता नदीपर्यंत येतो.

(३) विहारयोग्य : रस्त्याने वा रेल्वेने सहज जाता येते, काठावर थोडीफार वस्ती असते, पूर्वी पाणी अडविलेले वा वळविलेले असू शकते.

एकाच नदीचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वर्गांत येऊ शकतात. कॅलिफोर्नियातील फेदर नदीच्या मधल्या शाखेचे सुमारे ७८ मैल १९६८ साली संरक्षित झाले. त्यांपैकी सुमारे ३३ मैल वन्य, १० मैल निसर्गरम्य आणि ३५ मैल विहारयोग्य आहेत.

वर्ग म्हणजे प्रतवारी नव्हे. तिसऱ्या वर्गातील नदी कमी मोलाची ठरत नाही. नव्या जलविद्युत धरणास तिन्ही वर्गांत सारखीच मनाई आहे. वर्ग ठरला त्या वेळची स्थिती पुढे खालावू नये, हा व्यवस्थापनाचा मुख्य हेतू होय.

शेतीसंबंधीचे धोरण १९८२ च्या मार्गदर्शक सूचनांत दिले आहे. वन्य भागात पूर्वीपासून चालत आलेली थोडी गुरेचराई व वैरणीच्या गवताची कापणी एवढेच चालते. ओळीत पेरलेली पिके घेता येत नाहीत. निसर्गरम्य भागात अशी पिके चालतात, मात्र काठाचा मोठा पट्टा त्यांनी व्यापता कामा नये. विहारयोग्य भागात पूर्वीप्रमाणे सर्व प्रकारची शेती करता येते. खाजगी जमिनीच्या वापरावर मात्र या कायद्याने केंद्र सरकारला थेट अधिकार दिलेला नाही. तेथे स्थानिक नियम आणि शेतकऱ्याचे सहकार्य यांवरच भिस्त असते.

यातून घेण्याजोगा धडा सोपा आहे. सरसकट एकच नियम लावल्यास कसणाऱ्यावर अन्याय होतो, नाहीतर नदीची हानी होते. म्हणून गावचा नदीकाठ राखावयाचा असल्यास ग्रामसेवकाने शेतकऱ्यांसमवेत काठ पायी पाहावा, त्याचे भाग पाडावेत आणि कोठे झाडी, कोठे चराई, कोठे पीक आहे याची नोंद करावी. नियम त्यानंतर ठरवावेत.