एका छपराखाली अनेक ब्लॉग

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा येथील सुपारी-आंब्याच्या व्यापाऱ्यांनी वेगवेगळे खर्च करण्यापेक्षा एकाच सॉफ्टवेअरवर सर्वांचे ब्लॉग चालवावेत, असे आम्हास वाटते. नवे सॉफ्टवेअर बनवून घेण्यात पैसा घालू नये. वर्डप्रेसमध्ये २०१० च्या ३.० आवृत्तीपासून ही सोय आहे. ते फुकट असून भाडे सर्व्हरचे व नावाचे पडते. प्रत्येक ब्लॉगच्या मजकुराचे तक्ते वेगळे, मात्र सभासदांची यादी व डेटाबेस एकच. म्हणजे बिघाड झाला की सर्वांचीच दुकाने बंद! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बागा आडव्या झाल्या, वीज गेली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून रोजची प्रत जिल्ह्याबाहेर ठेवावी. भागीदार वेगळा झाल्यास त्याचा मजकूर देण्याची अट आधीच लिहून घ्यावी. एक्स्पोर्टच्या फाइलीत मजकूर येतो. फोटो वेगळे उचलावे लागतात.