मूषकनाशक विष आणि ग्रामीण वैद्याचे कर्तव्य

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातव्या अध्यायात अठरा प्रकारच्या मूषकांच्या विषाचे वर्णन आहे. आज आपल्यासमोर येणारे विष मात्र मूषकाचे नसून मूषकासाठी मनुष्याने तयार केलेले आहे. पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली) सारख्या गावांत सोयाबीन, तूर, हळद राहत्या घरातच साठविली जाते, साहजिकच उंदराचे औषधही घरातच असते. ते पोटात गेलेला रुग्ण अनेकदा प्रथम वैद्याकडेच आणला जातो.

प्रमुख प्रकार

१) पिवळा फॉस्फरस : ट्यूबमधील मलम. टूथपेस्ट समजून वापरल्यानेही अपघात होतात. आरंभी मळमळ, उलटी. मग एक-दोन दिवस रुग्णास बरे वाटते. हे बरे वाटणे फसवे असते. त्यानंतर यकृत निकामी होऊन कामला, रक्तस्राव व बेशुद्धी येते. प्रतिविष नाही.

२) झिंक फॉस्फाइडची काळी पूड व धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या : जठरात फॉस्फीन वायू तयार होऊन हृदयावर आघात होतो. प्रतिविष नाही. रुग्णाची खोली हवेशीर ठेवावी.

३) ब्रोमॅडिओलोन : रक्त गोठण्याची क्रिया मंदावते; काही दिवसांनी हिरड्या, नाक वा मूत्रमार्गातून रक्त जाते. जीवनसत्त्व ‘के-१’ हे प्रतिविष आहे.

घृतपान व वमन टाळावे

चरकाचार्यांच्या चोवीस विषोपक्रमांत वमन आणि हृदयावरण यांचा समावेश आहे. हृदयरक्षणार्थ घृत देण्याची परंपरा आपण जाणतो. परंतु पिवळा फॉस्फरस स्नेहात विरघळतो. तूप, तेल वा दूध दिल्यास त्याचे शोषण वाढते. वमनाने अन्ननलिकेस पुन्हा दाह होतो व विष फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. द्रव्य ओळखून उपक्रम योजणे हीच शास्त्राची शिकवण आहे. म्हणून येथे हात आवरणे हेच योग्य, असे आम्हांस वाटते.

रुग्णास लक्षणे नसली तरी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात पाठवावे आणि औषधाचे वेष्टन सोबत द्यावे.

कामलेचा हेतू विचारा

निदानपंचकातील पहिले अंग हेतू. अचानक कामला झालेल्या, विशेषतः तरुण रुग्णास, नातेवाइकांना बाहेर थांबवून उंदराच्या औषधाविषयी सौम्यपणे विचारावे. भीतीने वा लज्जेने तो ही गोष्ट लपवितो. आपण न विचारता कामलेचे औषध देत राहिलो, तर उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. हा एक प्रश्न आपण सर्वांनी रुग्णपत्रिकेत कायमचा समाविष्ट करावा, अशी आमची विनंती आहे.