एक पुस्तक आणि चोपन्न ग्रंथालये

आपण ग्रंथालयात जातो, हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव सांगतो आणि ग्रंथपाल संगणकावर चार-सहा अक्षरे टंकित करून ‘आहे’ किंवा ‘बाहेर गेले आहे’ असे सांगतात. मी एम. एस्सी. करीत असताना हेच काम एक लाकडी कपाट करीत असे. त्याला लहान लहान खण होते. प्रत्येक खणात पोस्टकार्डाहून थोडी लहान, जाड कागदाची कार्डे एका सळईत ओवलेली असत. पुस्तकाच्या लेखकाच्या नावाचे एक कार्ड, पुस्तकाच्या नावाचे दुसरे, विषयाचे तिसरे. विषय दोन असतील तर चौथेही. कार्ड चुकीच्या खणात गेले, तर पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखेच होई. एकदा परीक्षेच्या तोंडावर मला हवे असलेले पुस्तक ‘नाही’ म्हणून सांगण्यात आले आणि परीक्षेनंतर ते मांडणीवर सहज हाती लागले. कार्ड भलत्याच खणात होते!

हे कपाट जगातून कसे गेले, याची गोष्ट बहुतेक वेळा ‘संगणक आला आणि कार्डे गेली’ एवढ्या एका वाक्यात सांगितली जाते. हे वाक्य तितकेसे खरे नाही. नुसता संगणक आणून ठेवल्याने हे काम झाले नसते. एका ग्रंथपालाला एक गणिती अडचण सोडवावी लागली. त्यांचे नाव फ्रेडरिक किल्गोर.

किल्गोर यांचा जन्म १९१४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३५ साली पदवी घेतली. पुढे प्रयोगशाळेत न जाता ते तेथल्याच ग्रंथालयात कामाला लागले. पण प्रयोगशाळेची सवय सुटली नाही. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवण्यासाठी त्यांनी १९३० ते १९४० या दशकातच छिद्रे पाडलेली कार्डे वापरून पाहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्रांतील वृत्तपत्रे आणि नियतकालिके मिळवून, त्यांची सूक्ष्मचित्रे फिल्मवर घेऊन ती सरकारी खात्यांना पुरविण्याच्या कामाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १९४८ साली ते येल विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख झाले आणि विज्ञानाचा इतिहासही शिकवू लागले. १९६० नंतरच्या वर्षांत कोलंबिया, हार्वर्ड आणि येल या तीन विद्यापीठांच्या वैद्यकीय ग्रंथालयांनी मिळून संगणकाकडून कार्डे छापून घेण्याचा जो प्रयोग केला, त्यातही ते होते.

आता ओहायो राज्याकडे वळू. तेथील महाविद्यालयांच्या संघटनेपुढे एक साधा पण महागडा प्रश्न होता. समजा, भौतिकीचे एक नवे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि राज्यातील चोपन्न महाविद्यालयांनी ते विकत घेतले. प्रत्येक ठिकाणी एक प्रशिक्षित माणूस ते पुस्तक हाती घेणार, लेखक, प्रकाशक, वर्ष, पाने आणि विषय यांची नियमानुसार नोंद करणार, वर्गांक ठरविणार आणि कार्डे टंकित करणार. पुस्तक एकच, बुद्धीचे काम एकच, पण ते चोपन्न वेळा व्हावयाचे! एका पुस्तकाची पाच कार्डे धरली, तर २७० कार्डे झाली. वॉशिंग्टनचे लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून छापील कार्डे विकत असे. परंतु ती मागवून घरी येईपर्यंत वाट पाहावी लागे आणि प्रत्येक ग्रंथालयाला त्यांवर आपापले मथळे टंकित करावेच लागत. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक ठरलेले असते. तालिका करण्यावर जितका पैसा अधिक खर्च होईल तितकी पुस्तके कमी येणार, हे उघड आहे.

संघटनेचा आधीचा विचार असा होता, की राज्यातील सर्व पुस्तकांची कार्डे एका जागी आणून एक प्रचंड कपाट उभारावे. १९६५ साली सल्ला देण्यासाठी किल्गोर आणि राल्फ पार्कर यांना बोलाविण्यात आले. कपाट नको, एक सामाईक संगणक घ्या आणि सर्व ग्रंथालये टेलिफोनच्या तारांनी त्याला जोडा, असा सल्ला त्यांनी दिला. ज्याने पुस्तक प्रथम हाती घेतले त्याने नोंद करावी; बाकीच्या त्रेपन्नांनी ती पडद्यावर आणून, आपल्याला हवा तेवढा बदल करून घ्यावी. १९६७ साली ‘ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर’ ही संस्था स्थापन झाली आणि सल्ला देणाऱ्या किल्गोर यांनाच तिचे प्रमुखपद स्वीकारावे लागले. (सल्ला जपून द्यावा, तो कधी कधी आपल्यालाच अमलात आणावा लागतो!)

कच्चा मालही वेळेवर हाती आला. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम या संगणक-कार्यक्रम लिहिणाऱ्या बाईंच्या मार्गदर्शनाखाली ग्रंथनोंदीचा एक ठरावीक साचा तयार झाला होता. त्याला ‘मार्क’ म्हणतात. लेखकाचे नाव कोठे, शीर्षक कोठे, वर्ष कोठे, हे त्यात क्रमांक देऊन पक्के केलेले असते. १९६९ पासून अशा नोंदी चुंबकीय फितींवर बाहेर मिळू लागल्या.

शोधाची किल्ली

यंत्र आले, नोंदी आल्या, तारा आल्या. मग अडचण कोठे होती? येथे थोडे गणित करू.

समजा, तबकडीवर एक लाख नोंदी आहेत आणि एक नोंद काढून पाहण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. त्या काळच्या तबकड्यांना हा अंदाज सोडून नाही. पहिल्या नोंदीपासून एकेक पाहत गेलो, तर सर्व नोंदी पाहण्यास ५,००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटे लागतील. तेवढ्यात माणूस कपाटापर्यंत चालत जाऊन परत येईल. नोंदी वर्णानुक्रमे लावून शब्दकोशात शब्द शोधतो तसे मधोमध उघडून अर्धा भाग टाकून देत गेलो, तर जास्तीत जास्त १७ वेळा पाहावे लागते. कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२ येतो. म्हणजे सुमारे ०.८५ सेकंद. छान वाटते ना? पण शंभर ग्रंथालयांनी एकाच क्षणी विचारले, तर शेवटच्याला ८५ सेकंद थांबावे लागेल, आणि दिवसभर प्रश्न येतच राहणार. शिवाय रोज शेकडो नव्या नोंदी येणार. त्या वर्णानुक्रमात घुसविण्यासाठी पुढच्या साऱ्या सरकवाव्या लागतील.

किल्गोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे एक चतुर युक्ती वापरली. शोधणाऱ्याने पूर्ण नाव टंकित करूच नये. लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि शीर्षकातील पहिल्या शब्दाची पहिली तीन अक्षरे, बस्स! आरंभीचे ‘द’, ‘अ’ यांसारखे उपपद सोडून द्यावयाचे. आइन्स्टाइन यांचे ‘द मीनिंग ऑफ रिलेटिव्हिटी’ हे पुस्तक हवे आहे ना? मग ई-आय-एन आणि एम-ई-ए. किल्ली तयार झाली.

आता ही किल्ली कोणते कुलूप उघडते ते पाहा. पुढील रीत मी केवळ समजण्यासाठी सोपी करून देतो. तत्त्व मात्र तेच आहे. इंग्रजी वर्णमालेत ई हे पाचवे अक्षर, आय नववे, एन चौदावे. म्हणून पहिल्या तीन अक्षरांची संख्या ०५०९१४. त्याचप्रमाणे एम-ई-ए म्हणजे १३०५०१. दोन्हींची बेरीज १,८१,४१५. तिला ९९७ या मूळ संख्येने भागा. भागाकार १८१ आणि बाकी ९५८. तबकडीवर ९९७ खण पाडलेले असतील, तर यंत्राने सरळ ९५८ क्रमांकाच्या खणाशी जावयाचे! मधली पाने उलटणे नाही, वर्णानुक्रम लावणे नाही. नवी नोंदही अशीच बाकी काढून आपल्या खणात पडते. नोंदी एक लाख असोत वा दहा लाख, खण त्या प्रमाणात वाढविले की शोधण्यास लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. या कृतीला आज संगणकशास्त्रात ‘हॅशिंग’ म्हणतात.

सहा अक्षरांच्या किल्ल्या किती होतील? २६ चा सहावा घात, म्हणजे ३०,८९,१५,७७६. एवढ्या किल्ल्या असताना दोन पुस्तकांची किल्ली एकच येणार नाही, असे वाटेल. पण भाषा लॉटरीसारखी वागत नाही. झेड किंवा एक्सने सुरू होणारी आडनावे मोजकीच, आणि एसने सुरू होणाऱ्यांचा महापूर! ‘युनायटेड नेशन्स’ने काढलेले ‘रिपोर्ट’ घ्या. त्या साऱ्यांची किल्ली एकच. अशा वेळी यंत्र त्या किल्लीच्या सर्व पुस्तकांची यादी पडद्यावर दाखवी आणि निवड माणूस करी. बहुसंख्य पुस्तकांच्या बाबतीत ही यादी एका पडद्यात मावावी इतपत अक्षरे घ्यायची, हा या युक्तीतील खरा तोल होता.

हे घरी करून पाहा. शाळेच्या ग्रंथालयातील पन्नास मराठी पुस्तके घ्या. लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे आणि शीर्षकाची पहिली दोन अक्षरे वहीत लिहा. जोडाक्षर एक धरा, कानामात्रेसह. कुलकर्णी यांचे ‘विज्ञान’ने सुरू होणारे पुस्तक असेल तर ‘कुल-विज्ञा’. किती किल्ल्या दोनदा येतात ते मोजा. मग तीन-तीन अक्षरे घेऊन पुन्हा मोजा. आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकांच्या नावांत कल्पकता थोडी कमीच असते, हेही त्यातून ध्यानात येईल.

तोकड्या किल्लीचा आणखी एक फायदा आपल्या भाषेशी निगडित आहे. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस भारतातून मराठीसह अनेक भाषांची पुस्तके अमेरिकेतील विद्यापीठांसाठी मोठ्या प्रमाणावर घेऊ लागले. त्यांच्या रोमन लिपीतील नोंदींत प्रत्येक व्यंजनातील ‘अ’ लिहिण्याचा नियम आहे. आपण ‘कुलकर्णी’ रोमन लिपीत लिहिताना के-यू-एल नंतर लगेच के लिहितो. त्यांच्या नियमाने एलनंतर ए येतो. ‘देशपांडे’ लिहिताना आपण एसनंतर एच लिहितो. ते एसवर खूण देऊन पुढे ए लिहितात. पूर्ण नाव टंकित करणाऱ्याला ही पुस्तके सापडली नसती. पहिल्या तीन अक्षरांत मात्र दोन्ही रूपे सारखीच! पुढे चार-चार अक्षरांची किल्लीही वापरात आली. तिच्यात ही सोय गेली.

१३३ पुस्तकांचा दिवस

२६ ऑगस्ट १९७१ रोजी अ‍ॅथेन्स गावातील ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने कोलंबस शहरातील सामाईक संगणकाशी जोडलेल्या यंत्रावर काम सुरू केले. पहिल्या दिवशी १३३ पुस्तकांच्या नोंदी झाल्या. तारेवरून सेकंदाला २,४०० बिट जातात आणि एका अक्षराला ८ बिट लागतात असे धरा. म्हणजे सेकंदाला ३०० अक्षरे. पाचशे अक्षरांची नोंद पडद्यावर येण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. आज ही गती हास्यास्पद वाटेल, पण हाताने कार्ड टंकित करण्याशी तिची तुलना करून पाहा.

गंमत अशी, की या संगणकाचे मुख्य उत्पादन होते कार्डेच! नोंद मंजूर केली की कोलंबस येथे त्या ग्रंथालयाच्या पद्धतीची कार्डे छापली जात, खणात लावण्यासाठी वर्णानुक्रमे लावून टपालाने येत. वाचकांची सवय एका रात्रीत बदलत नाही, हे किल्गोर जाणून होते. मला त्यांचे हे धोरण यंत्राइतकेच महत्त्वाचे वाटते. १९७९ साली त्याच जाळ्यावरून दुसऱ्या ग्रंथालयाचे पुस्तक मागविण्याची सोय झाली. आपल्याकडे नसलेले पुस्तक कोणाकडे आहे, हे लहान गावातील महाविद्यालयालाही कळू लागले.

दोषही होते. एकाने केलेली चूक सर्वांकडे जाई. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन वेगळ्या नोंदी होत आणि त्या निस्तरण्याचे काम कायमचे मागे लागले. कोलंबसचे यंत्र थांबले की सारी ग्रंथालये थांबत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे सुरुवातीची बरीच वर्षे या यंत्राला विषयावरून शोधता येत नव्हते. ‘चुंबकत्वावर काय काय आहे?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला जुने लाकडी कपाट उत्तर देई, नवे यंत्र देत नसे. लेखक आणि शीर्षक आधीच माहीत असणाऱ्याची सोय आधी झाली, शिकणाऱ्याची मागाहून. हे मला एक शिक्षक म्हणून खटकते.

किल्गोर १९८० साली प्रमुखपदावरून निवृत्त झाले. ओहायोच्या बाहेरची ग्रंथालये तोपर्यंत सभासद झाली होती. १९८१ साली संस्थेच्या नावातील ‘ओहायो’ गेले, पण ‘ओसीएलसी’ ही आद्याक्षरे तीच राहिली. तिच्या सामाईक तालिकेत, म्हणजे ‘वर्ल्डकॅट’मध्ये, आज पन्नास कोटींहून अधिक नोंदी आहेत. आपल्या देशात विद्यापीठांच्या ग्रंथालयांची अशी संयुक्त तालिका ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राने केली आहे. हा कार्यक्रम १९९१ साली सुरू झाला.

किल्गोर पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात नव्वदीपर्यंत शिकवीत होते आणि २००६ साली वयाच्या ९२ व्या वर्षी वारले. त्यांच्या संस्थेचा कार्डांचा छापखाना त्यांच्यानंतरही नऊ वर्षे चालला. १९७१ पासून १९० कोटींहून अधिक कार्डे छापून १ ऑक्टोबर २०१५ रोजी तो बंद झाला. शेवटचा गठ्ठा न्यूयॉर्क राज्यातील एका लहान महाविद्यालयाकडे गेला. तेथे संगणकावर तालिका होतीच. कार्डे ते जोडीला ठेवीत असत.