एका दारात चार बिऱ्हाडं

लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान, अप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले, कोथरूडचे वकील आणि एक गणेश मंडळ, ही सगळी गिऱ्हाइकं तू एकाच सर्व्हरवर बसवणार म्हणतेस. खुशाल बसव, पोरी. १९९७ साली एचटीटीपी १.१ आलं आणि प्रत्येक मागणीबरोबर साइटचं नाव सांगणं ब्राउझरला बंधनकारक झालं. पूर्वी बहुधा दर डोमेनला वेगळा आयपी पत्ता लागायचा. आता पेठेतल्या वाड्यासारखा दिंडीदरवाजा एकच, आलेल्यानं कुणाकडे जायचं ते सांगायचं.

न सांगणारा, किंवा ओळखीचं नसलेलं नाव सांगणारा कुठे जाईल, हे मात्र आधी ठरव. अपाची त्याला पहिल्या व्हर्च्युअल होस्टकडे पाठवतो, आणि फाइली अक्षरक्रमानं वाचतो. म्हणून तर उबुंटूवर पहिल्या होस्टच्या फाइलीच्या नावाआधी तीन शून्यं असतात. नवशिके ती पहिल्याच दिवशी उडवतात. मग नवं डोमेन डीएनएसमधून इकडे वळवलं आणि त्याचा होस्ट लिहायचा राहिला, की वकिलांच्या पत्त्यावर पैठण्या दिसतात! पहिला होस्ट कोरा ठेव.

एचटीटीपीएसमध्ये प्रमाणपत्र आधी दाखवायचं असतं, मागणी नंतर येते. ही अडचण एसएनआयनं सोडवली. त्यात ब्राउझर साइटचं नाव सुरुवातीलाच सांगतो. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण त्याची मुदत आजवर ९० दिवसांची राहिली आहे आणि पुढे ती कमीच होणार आहे. नूतनीकरण यंत्रावर सोपव. आणि सुरक्षेच्या नावाखाली पोर्ट ८० बंद करू नकोस. नेहमीच्या पद्धतीत नावाची पडताळणी त्याच वाटेनं होते. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सकट आणि त्याशिवाय, दोन्ही नावं प्रमाणपत्रात घाल.

पुस्तकवाल्यांना देवनागरी पत्ता हवा असेल. ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं. सर्व्हरच्या फाइलीत मात्र त्याचं ‘एक्सएन’नं सुरू होणारं रोमन रूप लिही.

आता खरी जोखीम. चारही साइटी एकाच युजरखाली चालवल्यास, तर मंडळाच्या वर्डप्रेसमधलं एखादं जुनं प्लगइन फुटलं की आत शिरलेला माणूस वकिलांच्या फाइलीही वाचेल. दर साइटला वेगळा लिनक्स युजर, वेगळा पीएचपी पूल, वेगळा डेटाबेस आणि त्याचा वेगळा पासवर्ड दे. याचा कंटाळा करणाऱ्यानं हा धंदा करू नये. पूलला प्रक्रियांची मर्यादाही घाल. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तेवढा वेळ सगळं गाव मंडळाच्या साइटवर असेल आणि मर्यादा नसली तर साडीवाल्यांच्या ऑर्डरी अडकतील. थेट दर्शनाचा व्हिडिओ तर आपल्या सर्व्हरवर ठेवूच नकोस, यूट्यूबवर टाक. लॉगही वेगळे ठेव, म्हणजे गर्दी कुणाची ते कळतं.

साइट हलवताना आदल्या दिवशी डीएनएसची टीटीएल ३०० सेकंदांवर आण, आणि आपल्या मशीनच्या होस्ट्स फाइलीत नवा पत्ता लिहून आधी स्वतः पाहा. फाइल बदललीस की रीलोडच्या आधी तपासणीची आज्ञा दे; एका अर्धविरामापायी चौघांची दुकानं बंद पडायला नकोत.

आणि डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदव. सर्व्हर तुझा असला तरी नाव त्याचं आहे.