जुनी पिकअप आणि घरची लाकडं

आमच्या लांज्याकडच्या घरात गॅस आहे, तरी लाकडाशिवाय वर्ष निघत नाही. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. उकड्या तांदळासाठी भात उकडायचा तर मोठी चूल लागते. तो गॅसवर उकडण्यापेक्षा तांदूळ विकत आणलेला परवडेल. गणपतीत माणसांनी घर भरतं, तेव्हाही मागच्या पडवीतलीच चूल पेटते. पावसाळ्याचे चार महिने इकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यात रानातून सुकं लाकूड आणण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून आधीच बेगमी करायची. ती मी जुन्या पिकअपमधून करतो. आंब्याच्या हंगामात याच गाडीतून पेट्या जातात, एरवी ती शेणखत, चिरे आणि लाकडं ओढते. मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेली तरुण मंडळी अलीकडे याबद्दल बरंच विचारतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे मांडतो आहे.

१. कुऱ्हाडीच्या आधी सातबारा

आपल्या जमिनीतलं झाड आपलं, हे अर्धंच खरं. झाडतोडीचं नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा आहे आणि त्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह, साग, खैर तर त्यात आहेतच, पण जळणासाठी ज्यांच्यावर आपला डोळा असतो ते ऐन आणि किंजळही आहेत. ही झाडं स्वतःच्या बागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रानात सर्वत्र माजलेली आकेशिया, म्हणजे आपली ऑस्ट्रेलियन बाभूळ, त्या अनुसूचीत नाही. पण तोडणं वेगळं आणि रस्त्यावरून नेणं वेगळं. कोणत्या लाकडाला वाहतूक पास लागतो हे वनपालाला विचारूनच गाडी काढावी. सूट असलेल्या झाडांची यादी बदलत असते, आणि नाक्यावर उभं राहून ती शिकण्यात अर्थ नाही.

खरी गुंतागुंत मात्र वनखात्याची नसते, ती भाऊबंदांची असते. कोकणातला सातबारा बहुधा सामाईक. नावं पंधरा-वीस, त्यातली निम्मी मुंबईला, एखादं नाव कधीच वारलेल्या माणसाचं. गावात राहणारा एकटा झाड तोडतो आणि मे महिन्यात चाकरमानी आले की बुंधा दिसतो. मग "आम्हाला विचारलंत का?" तर आधीच विचारावं. गणपतीत सगळे घरी असतात, तेव्हा कोणती झाडं काढायची ते ठरवून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. ज्यांना लाकडाची गरज नाही तेही विचारल्यामुळे खूश असतात.

खैराचा तुकडा लाकडात चुकूनही नको. काताच्या धंद्यापायी खैराची चोरटी तोड चालते, त्यामुळे हौद्यात लालसर गाभ्याची दोन ओंडकी दिसली की तपासणाऱ्याची नजर बदलते. देवराईच्या हद्दीत पडलेली फांदीही आमच्याकडे कुणी उचलत नाही. तिथे कायद्याची गरज पडत नाही.

२. गाडीत जागा कुणाला द्यायची ते रानातच ठरवावं

सगळं लाकूड डिझेलच्या लायकीचं नसतं. पांगारा आणि सावर हलकी असतात, भसकन पेटतात आणि निखारा न ठेवता संपतात. ती मी रानातच सोडतो. आंब्याची पडलेली जुनी कलमं फोडायला सोपी, पण धूर फार. ती बाहेरच्या चुलीला, पाणी तापवायला. काजूचंही तसंच. आकेशिया छान जळते. वाकडीतिकडी वाढत असल्यामुळे रचताना तेवढी चिडचिड होते. भात उकडायला मात्र ऐन-किंजळासारखं जड लाकूड हवं, कारण तिथे निखारा टिकावा लागतो. परवानगी घेऊन तोडलेलं असेल तर हे लाकूड आंघोळीच्या पाण्याखाली घालणं म्हणजे उधळपट्टी.

बिब्ब्याला हात लावू नये. त्याचा चीक अंगावर उततो, फोड येतात. तोडणाऱ्या गड्याला झाड ओळखता येतं का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावं.

३. तोड डिसेंबर-जानेवारीत

फेब्रुवारीपासून बागेत फवारण्या आणि राखण, मार्चनंतर गाडी पेट्यांना बांधलेली. मे संपता संपता आठवण झाली तर मान्सून दारात. त्यामुळे भातकापणी आटोपली, भाताच्या उडव्या रचून झाल्या की लगेच लाकडाकडे वळावं. हवा कोरडी असते, वाटा सुकलेल्या असतात, गडी मिळतात.

झाड पाडल्यावर लगेच खांडू नये. पाल्यासकट आठ-पंधरा दिवस तसंच पडू द्यावं. पानं कोमेजेपर्यंत खोडातलं पाणी ओढत राहतात. नंतर पाला भाजावळीला जातोच. काळोख्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. जळणाच्या बाबतीत मी ते मनावर घेत नाही, घराच्या वाशांसाठी घेतो; वडिलांनी सांगितलेलं सगळंच मोडीत काढवत नाही.

४. पाणी वाहून आणू नये

या सगळ्यातलं एकच कुणी लक्षात ठेवणार असेल तर हे ठेवावं.

पिकअपचा हौदा आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि बाजूच्या फळ्या सव्वा फूट उंच धरल्या, तर जागा झाली ५५ घनफूट. फोडी कितीही नीट रचल्या तरी मधे पोकळी राहते. भरीव लाकूड साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३ घनफूट. जड जातीचं ओलं लाकूड घनफुटाला तीस किलोच्या घरात जातं. गुणाकार केला की ९९० किलो होतात. म्हणजे लाकूड फळीच्या वर एक इंचही न जाता टन भरला. बघणाऱ्याला गाडी अर्धी रिकामी वाटते, शेजारी म्हणतो, "अजून एक थर बसेल की." तो थर जागेत बसतो, वजनात बसत नाही.

गाडी किती उचलेल हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दोन्ही लिहिलेली असतात. त्यांची वजाबाकी केली की उत्तर मिळतं, आणि त्यात तुमचं, गड्याचं आणि करवतीच्या यंत्राचंही वजन आलं. जादा भाराचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २ हजार. एवढ्या पैशात विकतचं लाकूड घरपोच येईल.

आता त्या टनात लाकूड किती? ताजं तोडलेलं झाड सुकलं की वजनातले साधारण तीनशे किलो उडून जातात. ते निव्वळ पाणी. जुन्या गाडीने, खडकाळ पाणंदीतून, डिझेल जाळून पाणी घरी आणायचं आणि अंगणात उन्हात वाळवायचं, हा उलटा उद्योग आहे. त्याऐवजी खांडून, फोडून, रानातच कातळावर दोन-अडीच महिने उभं-आडवं रचून ठेवावं. कोकणातला उघडा कातळ उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो; लाकूड वाळवायला त्याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. आंब्याच्या धांदलीत एखाद्या दिवशी गाडी रिकामी परतत असेल, तेव्हा वाटेतलं सुकलेलं लाकूड उचलावं. खेपही वाचते.

सुकलं कसं ओळखायचं? टोकांना चिरा पडतात, साल बोटाने सुटते, दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात. ओलं लाकूड बद्द वाजतं.

चोरीची भीती असते, हे कबूल. पण गावात फोडून रचलेलं लाकूड चोरीला जाण्यापेक्षा कुणीतरी "दोन फोडी नेल्या हां" असं सांगून नेण्याची शक्यता जास्त.

५. खांडतानाच चूल डोळ्यांपुढे ठेवावी

स्वयंपाकाच्या चुलीला दीड फूट, पाण्याच्या मोठ्या चुलीला दोन-अडीच फूट. घरी पुन्हा खांडावं लागलं तर मजुरी दोनदा जाते. गाठीचा बुंधा मशीनवाल्याकडून कापून घ्यावा. पाचर आणि घण घेऊन त्याच्याशी भांडण्यात अर्धा दिवस जातो आणि खांदा दुखतो तो वेगळाच.

६. पाट्यांची संख्या वाढवून गाडी मोठी होत नाही

जुनी पिकअप घेतली की गॅरेजवाला पहिला सल्ला देतो: "मागे एक जादा पाटा टाकूया, मग बघा." पाटा टाकला की गाडी मागून बसत नाही, हे खरं. पण ब्रेक तेच, आस तोच, चेसिस तीच. बसलेली गाडी निदान सांगते की भार जास्त झाला. जादा पाटा तिचं तोंड बंद करतो. मला तो सल्ला पटत नाही.

हंगामाआधी खाली वाकून चेसिस पाहावी. खाऱ्या हवेत आणि पावसात गंज आतून धरतो, विशेषतः पाट्यांचे हँगर जिथे जोडलेले असतात तिथे. टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला, असं नाही. बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. फार जुना टायर नक्षी असूनही फुटतो. भार असताना मागच्या चाकांत हवा किती, हे गाडीच्या पुस्तकातून घ्यावं, पंक्चरवाल्याच्या अंदाजातून नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आपल्याकडे तर ओलीला तोटा नाही. लांब उतारावर ब्रेक तापले की तीच ओल उकळते आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ते बदलणं काही महाग नाही. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. त्याचा वैताग असतो, पण त्या निमित्ताने कुणीतरी गाडीखाली पाहतं.

७. भरताना वजन पुढे

जड फोडी केबिनच्या बाजूला आणि तळाला, हलकं सरपण मागे आणि वर. सगळा भार मागच्या आसाच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखं वाटतं. गोल ओंडके फोडूनच चढवावेत, ते लोळतात. फाळक्याच्या उंचीवर एकही सुटी फोड नको. चढावर ती पहिली निसटते आणि मागून दुचाकीवर कुणीतरी येत असतं. वरून ताडपत्री, तिच्यावरून दोर फुलीत आवळलेला. मैलभर गेल्यावर थांबून दोर पुन्हा ओढावा, कारण लाकडं तोवर बसलेली असतात.

८. ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावं

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे, काही तर इंजिनच बंद करणारे चालक अजून आहेत. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते, मग पाय कितीही रोवा. भरलेल्या गाडीने हा खेळ करू नये. उभं राहावं लागलं तर हँडब्रेक, गिअर आणि चाकाखाली दगड, तिन्ही.

९. हौद्यावर माणूस बसवायचा नाही

दिवसभर राबलेला गडी "वरच बसतो, कशाला दुसरी खेप" म्हणतो. नाही म्हणावं. त्याला आधी घरी सोडावं, नाहीतर दुचाकीचं पेट्रोल द्यावं.

१०. घरी आल्यावर जमिनीवर टाकू नये

खाली चिऱ्यांच्या दोन ओळी, त्यांवर आडव्या वाशांची माच, तिच्यावर लाकूड. जमिनीला टेकलेला थर वाळवी खाते. घराच्या भिंतीपासून हातभर अंतर हवं. पश्चिमेकडून झड येते, म्हणून त्या बाजूला झावळांची झडी किंवा प्लास्टिक. बाकीच्या बाजू उघड्या, वारा फिरू द्यावा. पूर्ण गुंडाळलेल्या लाकडाला आतून बुरशी येते.

आणि रात्री लाकूड आणायला जाताना बॅटरी. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं नवं नाही, लाकडाच्या माचीत त्याला उंदीर, पाली आणि आडोसा सगळं एकत्र मिळतं. रानातून उचलतानाही दोन-अडीच महिने पडलेल्या थरात सरळ हात घालू नये. काठीने फोड उलटवावी, मग उचलावी. हातमोजे विंचवाला पुरतात, फुरशाला पुरतीलच असं नाही. चावलंच तर कापाकापी, मंत्र-तंत्र यात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावं.

११. लाकडासाठी म्हणून पिकअप घेऊ नये

हे मी आंब्याच्या गाडीचा मालक म्हणून बोलतो. विमा, फिटनेस, टायर, बॅटरी यांचा खर्च गाडी उभी असली तरी चालूच असतो. ज्यांना वर्षाला दोन-तीन भार आणायचे आहेत त्यांनी गावातली गाडी भाड्याने बोलवावी. फक्त भाडं ठरवताना चालकाला माल आणि वाट दोन्ही आधी दाखवावी. "थोडी लाकडं आहेत" एवढं फोनवर ऐकून आलेला माणूस पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबवतो, आणि मग तिथून फोडी डोक्यावरून आणायच्या की भाडं वाढवायचं, यावर उन्हात तासभर जातो. डिझेल कोण घालणार, भरणी-उतरणीला माणसं कुणाची, दुपारचं जेवण कुणाकडे, हेही आदल्या संध्याकाळीच बोलून घ्यावं.