नाडी पाहिल्याशिवाय औषध नको
(अभ्यास पाठ : इंजिनातील क्रँक व कॅम सेन्सर)



मे महिन्यातील भर दुपार होती. आमच्या परिचयाचे एक कुटुंब जुन्या मर्सिडीज गाडीतून हुमनाबादहून कलबुर्गीला निघाले होते. आजींना दवाखान्यात दाखवायचे होते. कमलापूरच्या अलीकडे गाडी एकाएकी बंद पडली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही केल्या चालू होईना. शेवटी एका जीपवाल्याने आजींना पुढे नेले. त्या सुखरूप पोचल्या, पण तो तास घरातले कोणी विसरलेले नाही. इकडे इंजिन थंड होताच गाडी काहीच न घडल्यासारखी चालू झाली !

पुढे एका गॅरेजात बॅटरी बदलली, दुसऱ्या ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलला. तरी ऊन तापले की गाडी बंद पडायचीच. अखेर दोष सापडला तो अंगठ्याएवढ्या एका सेन्सरमध्ये. पंपाला लागलेल्या पैशांपुढे त्याची किंमत अगदी किरकोळ होती. या गोष्टीवरून आम्ही हा पाठ लिहायला घेतला.

सेन्सर काय सांगतो ?

पिस्टन वरखाली होतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो, हे आपण विज्ञानात शिकतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पुरे होताना क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच. ठिणगी केव्हा पाडायची आणि इंधन केव्हा सोडायचे हे इंजिनाचा संगणक ठरवतो. त्यासाठी पिस्टन कोठे आहे हे त्याला प्रत्येक क्षणी कळावे लागते.

क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरते. पुष्कळ गाड्यांत त्यावर ६० दात्यांची जागा असते, पण दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे दाते ५८, आणि दर दात्याला ६ अंश. ती मोकळी जागा समोरून गेली की संगणक तेथून मोजणी सुरू करतो.

मग कॅम सेन्सर कशाला ? घड्याळात सात वाजलेले दिसतात, पण सकाळचे की संध्याकाळचे ? काटा दिवसातून दोनदा फिरतो, म्हणून बाहेर सूर्य पाहावा लागतो. तसेच पिस्टन वर आला, हे क्रँक सेन्सर सांगतो. तो मिश्रण दाबून आला की धूर बाहेर ढकलून आला, हे कॅम सेन्सर सांगतो.

सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. दाता जवळून गेला की त्यात वीज निर्माण होते. हा फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेला नियम. दुसरा हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो, आणि त्याला बाहेरून वीज द्यावी लागते.

दोष कसा शोधावा ?

क्रँक सेन्सर गेला तर बहुतेक गाड्या बंदच पडतात. स्टार्टर मारताना फेऱ्यांचा काटा शून्यावरच राहिला तर पहिला संशय याच्यावर घ्यावा. कॅम सेन्सर बिघडला तर पुष्कळदा गाडी उशिरा चालू होते, ओढत नाही आणि इंजिनाचा दिवा लागतो.

स्कॅनर लावला की पी ०३३५ (क्रँक) किंवा पी ०३४० (कॅम) असा क्रमांक दिसू शकतो. पण मित्रहो, क्रमांक म्हणजे निदान नव्हे ! तो फक्त कोणत्या वाटेवर गडबड आहे ते सांगतो. वायर उंदराने कुरतडलेली असेल, कनेक्टरमध्ये तेल शिरले असेल, दातेरी चाक किंवा टायमिंगची साखळीही बिघडलेली असू शकेल. म्हणून आधी डोळ्यांनी पाहावे, मग मल्टिमीटर हाती घ्यावा.

वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध ओहममध्ये मोजून तो कंपनीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडावा. हॉल सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नये. त्याच्या तीन वायरींवर वीजपुरवठा, अर्थ आणि संकेत तपासावेत. दोष गरम झाल्यावरच येत असेल तर मोजमापही गरम असतानाच करावे. वरील गाडीत नेमके हेच राहून गेले होते. थंड असताना रोध बरोबर येई. तापल्यावर वेटोळ्याची बारीक तार आतल्या आत सुटे.

बदलताना

इंजिन थंड होऊ द्यावे, किल्ली काढून घ्यावी. गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, भक्कम स्टँड लावावेत. काही मर्सिडीज इंजिनांत क्रँक सेन्सर मागे, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ असतो. तेथे हात जेमतेम पोचतो. आजूबाजूची माती आधी पुसावी. बोल्ट काढून सेन्सर हळूहळू फिरवत ओढावा. त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का ते पाहावे. नव्या ओ-रिंगला तेलाचे बोट लावावे आणि बोल्ट पुस्तकात दिला असेल तेवढाच आवळावा. कनेक्टर ‘टक्’ असा बसला पाहिजे. शेवटी जुना क्रमांक पुसून, गाडी चांगली तापेपर्यंत चालवून खात्री करावी.

पालक व विश्वस्तांसाठी

मर्सिडीज गाड्यांची जुळणी १९९५ पासून पुण्यात सुरू झाली. २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना उभा राहिला. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात २००६ साली या कंपनीच्या सहकार्याने वाहन मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या भागातून सोलापूरमार्गे पुण्याला जाणारा सरळ महामार्ग आहे. ‘मुलगा गॅरेजात जाणार’ म्हणून मान खाली घालण्याचे दिवस आता राहिले नाहीत. या कामाला भौतिकशास्त्र, गणित आणि धीर लागतो. असा एक जाणता हात वाटेत असता तर आजींना जीप शोधावी लागली नसती.

स्वाध्याय

१) इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ५८ दात्यांच्या चाकाचे किती दाते दर सेकंदाला सेन्सरसमोरून जातील ? (उत्तर : २९००)
२) त्याच वेळी कॅमशाफ्टचे सेकंदाला किती फेरे होतील ? (उत्तर : २५)
३) पी ०३४० क्रमांक दिसताच सेन्सर का बदलू नये ? तीन कारणे लिहा. याचे उत्तर आम्ही देत नाही, तुम्ही शोधा.