ईश्वरी, कीटमारी आणि वृक्क

वृक्कविकारावरील संशोधनात वैद्यांनी व औषधिनिर्मात्यांनी अवश्य लक्ष घालावे असा विषय म्हणजे ॲरिस्टोलोकिक अम्ल. ब्रुसेल्स येथे स्थौल्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची वृक्के झपाट्याने निकामी झाल्याचे वृत्त १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘फांगजी’ या नामसाधर्म्यामुळे स्टिफेनियाऐवजी ॲरिस्टोलोकिया दिले गेले होते. संदिग्ध द्रव्यांचा वाद केवळ पांडित्याचा नव्हे, तो असा! पुढे २००० मधील अहवालानुसार, शस्त्रक्रियेने वृक्के काढलेल्या अशा ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रवहसंस्थेत कर्करोग आढळला.

हे अम्ल वृक्कातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत शिरून तेथील डीएनएशी बद्ध होते. नलिका क्षीण होतात व भोवती तंतुमय ऊती वाढते. गुच्छिका प्रारंभी बहुधा शाबूत राहतात, त्यामुळे मूत्रातून अल्ब्युमिन फारसे जात नाही. मूत्रपरीक्षणावर विसंबून निश्चिंत होणारा चिकित्सक येथे फसतो. रक्तातील क्रिएटिनिन पाहिलेच पाहिजे. औषध थांबविल्यावरही विकार पुढे सरकू शकतो.

आता आपल्या कपाटाकडे वळू. ईश्वरी (सापसंद) आणि कीटमारी ही दोन्ही ॲरिस्टोलोकिया प्रजातीतीलच. केवळ क्वाथ केल्याने हे अम्ल नष्ट होत नाही. परंपरेत या वनस्पतींचा उपयोग सांगितला आहे हे खरे. तथापि त्या पोटात देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधालयचालकांनी कच्चा माल घेताना व्यापाऱ्याच्या देशी नावावर न जाता वनस्पतिशास्त्रीय नाव लेखी मागावे आणि शंका असल्यास नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.